गुप्तधन, गुपित आणि सोळा वर्षांचा केदार: गे नायकाची साहसकादंबरी कशी लिहावी

सोळाव्या वर्षापर्यंत मी गावच्या वाचनालयातली भुयारांची, नकाशांची आणि बुडालेल्या गलबतांची सगळी पुस्तकं वाचून संपवली होती. त्यातल्या प्रत्येक नायकाला शेवटी निरोप द्यायला एक मुलगी धक्क्यावर उभी असायची. मी मात्र त्याच्यासोबत भुयारात उतरलेल्या मित्राबद्दल विचार करत बसायचो. तो मित्र पुढे कुठे गेला, हे कुठल्याच लेखकाने सांगितलं नाही. आज तसा विचार करत बसलेल्या मुलासाठी कुणी मराठीत लिहायला बसलं असेल, तर हा लेख त्याच्यासाठी आहे.

मोघम सल्ला उपयोगाचा नसतो, म्हणून एक काल्पनिक कादंबरी तुमच्यासमोर घडवत नेतो. जागा देवगड तालुक्यातली, वाघोटण खाडीच्या काठावरची एक वाडी. महिना मे. नायक केदार, दहावीची परीक्षा दिलेला, निकालाची वाट बघणारा.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. जमिनीत सापडलेलं धन सांगावं लागतं, कायदाच तसं म्हणतो. मनातलं गुपित मात्र ज्याचं त्यानेच, त्याला वाटेल तेव्हा, वाटेल त्याला सांगायचं असतं. तुमच्या कथानकाने धन उकरावं. केदारचं गुपित कथानकाने उकरू नये, ते केदारच्या हातात राहू द्यावं.

आधी मुलगा, मग खजिना

कागदावर केदारबद्दल वीस ओळी लिहा. अट एवढीच, की त्यातल्या एकाही ओळीत त्याला मुलगे आवडतात हे येता कामा नये. तो काय खातो, कशाला घाबरतो, कुणाशी खोटं बोलतो, काय हातात घेतलं की त्याला भान राहत नाही. सातव्या ओळीला अडकलात तर समजा, तुमच्याकडे अजून माणूस नाही, नुसती चिठ्ठी आहे.

माझ्या केदारला पाणी वाचता येतं. बापाची लहान होडी आहे, ओहोटीला खाडीत वाळूचा दांडा कुठे वर येतो हे त्याला डोळे मिटून ठाऊक आहे. बंद अंधाऱ्या जागेत त्याचा श्वास अडकतो (भुयार असलेल्या गोष्टीत ही भीती हवीच). आणि त्याला पटकन, गोड, कुणालाही न दुखावणारं खोटं बोलता येतं. ही सवय आकाशातून पडलेली नाही. जो मुलगा दहाव्या-अकराव्या वर्षापासून काहीतरी सांभाळून ठेवतो, तो आपल्या आवाजावर, नजरेवर, हातांवर लक्ष ठेवायला शिकतो. मग दुसऱ्याने काही लपवलं असेल तर तेही त्याला लवकर दिसतं. खजिना शोधणाऱ्या नायकाला यापेक्षा चांगलं हत्यार कोणतं? ही नजर त्याच्या जगण्यातून आलेली आहे. तिला जादू बनवायची गरज नाही.

गे असण्याला थेट जादूई शक्ती करून टाकण्याचा मोह होतो. तो टाळा. वाचणाऱ्या मुलाकडे ती शक्ती नसते आणि पुस्तक मिटल्यावर त्याला आपण पुन्हा कमी पडलो असं वाटतं.

जादूचा धागा वेगळा ठेवा

मराठीत गुप्तधनाभोवती जे लोकसमज आहेत, ते कुठल्याही परक्या ड्रॅगनपेक्षा समृद्ध आहेत. त्यातला मला सर्वांत कामाचा वाटतो तो पायाळू. आईच्या पोटातून पायांकडून जन्मलेलं मूल म्हणजे पायाळू. अशा माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं, अशी समजूत आहे. त्याच्यावर वीज पडते असंही म्हणतात. कुणाला उसण भरली की पायाळूचा पाय कमरेला लावून घेतात, तो तर कित्येक घरांत अजून चालणारा उपाय आहे.

आता केदार पायाळू आहे, पण त्याला ते माहीत नाही. आईने लपवलंय. का? गुप्तधनाच्या नादाने अघोरी लोक पायाळू मुलांच्या मागे लागतात, हे तिने लहानपणी ऐकलंय. ही भीती नुसती कथेतली नाही. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. म्हणून तुमच्या खलनायकाला, त्या भोंदू मांत्रिकाला, गमतीदार करू नका. आणि बळीचा प्रसंग थरारासाठी रंगवूनही लिहू नका.

या मांडणीने काय मिळालं बघा. घरात दोन गुपितं आली. एक आईने मुलापासून लपवलेलं, एक मुलाने आईपासून. दोघंही एकमेकांना जपण्यासाठीच गप्प आहेत. कादंबरीचं भावनिक यंत्र इथेच तयार झालं. दोन्ही गुपितं एकाच प्रकरणात फोडायची नाहीत, एवढं पथ्य पाळा. आईने पहिलं सांगितलं की वाचक दुसऱ्याची वाट बघेल. त्या वाट बघण्यावर तुम्ही शंभर पानं ओढून नेऊ शकता.

पेरणी पहिल्याच प्रकरणात करा. आजीला उसण भरते, शेजारीण सहज म्हणते, "गो, झिलाक सांग मगे पाय लावूक." (अगं, मुलाला सांग ना पाय लावायला.) आई ताडकन म्हणते, "तेका कित्याक?" आणि विषय बदलते. वाचक पुढे जातो, पण केदारच्या नजरेतून तो ताडकन सुटत नाही.

खजिना कुणी पुरला आणि परत न्यायला का आला नाही

या दोन प्रश्नांची उत्तरं नसतील तर खजिना म्हणजे नुसती पेटी. उत्तरं इतिहासातून घ्या. वाघोटण खाडीच्या तोंडावरचा विजयदुर्ग किल्ला आरमारप्रमुख तुळाजी आंग्र्यांच्या हातून फेब्रुवारी १७५६ मध्ये गेला. समुद्राकडून वॉटसनचं इंग्रजी आरमार आणि क्लाइव्हचं सैन्य, जमिनीकडून पेशव्यांची फौज. आंग्र्यांचं आरमार तिथे जळालं, तुळाजी कैदेत पडले. अशा आठवड्यात एखादा आरमारी कारकून आपल्याकडची थैली खाडीकाठच्या जांभ्याच्या विवरात ठेवून पळाला, यावर कुणाचाही विश्वास बसेल. तो कारकून काल्पनिक असू द्या, घटना खरी राहू द्या.

थैलीत काय आहे तेही नीट ठरवा. "सोन्याच्या मोहरा" लिहून सुटू नका. माझ्या थैलीत मोहरांबरोबर दोन लाऱ्या आहेत. लारी म्हणजे चांदीची जाड तार दुमडून, वर ठसा मारून केलेलं नाणं. पर्शियन आखाताच्या व्यापारातून ते कोकणात आलं, आदिलशाहीत इथेही पाडलं गेलं. केदारला ते पहिल्यांदा सापडतं तेव्हा तो ते केसांचा आकडा समजून आजीला देतो. आजी तीन प्रकरणं ते अंबाड्यात खोचून फिरते. पण लाऱ्या शंभर वर्षं आधीच्या, थैली १७५६ची, मग त्या तिथे का? कारकुनाला त्या वारशाने आलेल्या. म्हणजे थैली पगाराची किंवा लुटीची नाही, घराची आहे. एका वस्तूच्या वयाने खजिन्याचा अर्थ बदलला. असे तपशील शोधायला वेळ द्या.

किल्ल्यावर मात्र फावडं चालवू नका. विजयदुर्ग संरक्षित स्मारक आहे, २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारसा यादीतही आला. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत बांधकाम-खोदकाम निषिद्ध आहे. गडांवर खड्डे करून तटाची वाट लावणारी माणसं खरोखर असतात. आपल्या पुस्तकाने त्यांना नायक देऊ नये. खुणा किल्ल्यावर वाचाव्यात, धन मात्र खाडीपलीकडच्या खाजगी हापूसच्या बागेत निघावं. यालाही पुढे कायद्यात उपयोग आहे.

कोडं मोडीत घाला

मराठी लेखकाला कोड्यांसाठी परदेशी सांकेतिक चाकं आणायची गरज नाही. आपली मोडी लिपी स्वतःच कोडं आहे. तिच्यात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत. कारकुनाला वाचता येतं कारण त्याला मजकूर आधीच ठाऊक असतो. पावणेतीनशे वर्षांनी आलेल्या मुलाला कुठे तोडायचं ते कळत नाही.

एक उदाहरण बघा. कागदावर लिहिलंय: आडवाटेसआहे. केदार आणि त्याचा मित्र संग्राम "आडवाटेस आहे" असं वाचतात आणि चार दिवस करवंदीच्या जाळ्यांतून रानवाटा तुडवतात. मग आजी विचारते, "आड खयचो?" आड म्हणजे विहीर. "आड वाटेस आहे." विहीर वाटेवरच आहे, रोज तिच्यावरून जाताय. चांगलं कोडं असं असतं, उत्तर डोळ्यांसमोर होतं आणि वाचकालाही ते आधी सापडू शकलं असतं.

दुसरी ओळ कादंबरीच्या मध्यभागी ठेवा: सुताचा माग धरावा.

संग्राम इचलकरंजीचा. बापाचे यंत्रमाग आहेत, मावशीकडे सुट्टीला आलाय. त्याला माग म्हटलं की एकच आठवतो. "सूत, माग... अरे, विणकर शोधायला पाहिजेत, लई सोपं आहे." दोघं जुन्या विणकरांच्या घरांचा पत्ता काढत हिंडतात. शोध व्यर्थ जातो, पण त्या हिंडण्यात दोघं जवळ येतात, म्हणजे ती प्रकरणं वाया जात नाहीत. केदारला एका रात्री जागं असताना सुचतं. सुत म्हणजे मुलगा. माग म्हणजे ठसा, मागोवा. मुलाचा माग धरावा. कारकुनाच्या वंशावळीत चार मुलगे आहेत आणि एका नावावर शाई फिरवलेली आहे. लपवलेलं ओळखणाऱ्या केदारचं बोट बरोबर तिथे थांबतं.

तो चौथा मुलगा एका नाखव्याच्या मुलाबरोबर खाडीपलीकडे जाऊन राहिला. घराने नाव काढून टाकलं, पण बापाने, पळताना, घरची थैली त्याच्या घराजवळच्या विवरात नेऊन ठेवली आणि तिची वाट लिहून ठेवली. मुलगा आणि त्याचा सोबती तोवर जळत्या आरमारातल्या एका गलबतावर होते. म्हणून थैली कुणीच उघडली नाही.

इथे एक काळजी घ्या. १७५६च्या माणसाला "गे" म्हणू नका, तो शब्द त्याच्याकडे नव्हता. दोन पुरुषांनी बांधलेलं एक जोतं दाखवा, एकच चूल, दोन पाट. केदारला समजेल ते समजेल. माझा अनुभव असा, की कुमार वाचक असल्या जागी मोठ्यांपेक्षा हुशार असतो.

वेळेचं गणित भरतीवर बांधा

साहसकथेला घड्याळ लागतं. कोकणात ते समुद्र देतो आणि ते फुकट आहे. जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे धरा आणि छापण्यापूर्वी त्या वर्षाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी जोराच्या भरतीला, फरक कमी पडतो.

विवराचं तोंड फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडं पडतं असं ठरवा. मग सगळं आपोआप जुळत जातं. पौर्णिमेला दुपारी पाण्याला ओढ लागते, साडेपाचच्या सुमारास पाणी तळाला जातं, मेमध्ये सात वाजता सूर्य बुडतो, त्याच सुमाराला पूर्वेला चंद्र वर येतो. म्हणजे मुलं उजेडात आत शिरतात आणि मावळत्या उजेडात, वळलेल्या पाण्याबरोबर बाहेर येतात. साडेअकराला पुन्हा भरती. तिथे टॉर्च बंद पडला वगैरे योगायोग लागत नाहीत.

मोठी मुदतही आहे. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या, झापांखाली झाकल्या की केदारच्या हातातलं साधन गेलं. २०२६ साली तर पौर्णिमा ३१ मे रोजीच येते. बंदीच्या आदल्या संध्याकाळी, त्या मोसमाची शेवटची संधी. पावसाळी वारा सुटलाय, बाप होडी ओढायची म्हणतोय. एवढं तयार कथानक पंचांगाने दिल्यावर ते घ्यावं.

राखणदाराशी बोलणी

धनावर नाग बसतो, ही समजूत सगळ्या महाराष्ट्रात आहे. पण जागा कोकणातली आहे तर राखणदार वापरा. वाडीच्या, शिवेच्या, पाणवठ्याच्या रक्षणाला असलेला, नारळ मागणारा, वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा. त्याच्याशी युद्ध होत नाही, त्याला गाऱ्हाणं घालतात. "बा देवा महाराजा" अशी सुरुवात, आणि प्रत्येक मागणीला भोवतालच्यांचं "व्हय म्हाराजा". तुमच्या फँटसीचा मंत्र, लय, कोरस सगळं त्यात आहे. देवाचा कौल लावतात तेव्हा उजवी कळी पडली की डावी, यावर गाव अजून निर्णय घेतं. ते निवडीचं यंत्र म्हणून वापरता येईल, पण एका कादंबरीत एकदाच. दुसऱ्यांदा कौलाने सोडवलेला पेच वाचक माफ करत नाही.

या गोष्टी वापरताना मनात आदर ठेवा. राखणदाराला राक्षस केलात तर वाडीतला वाचक पुस्तक मिटेल, आणि त्याचं बरोबर असेल.

जादूला किंमत हवी, नियम हवा. माझ्या राखणदाराचा नियम असा: तो खोटं बोलणाऱ्याला पाण्यात वाट देत नाही. केदार तर गोड खोटं बोलण्यात तरबेज! इथे सोपी चूक होते. लेखक लगेच राखणदाराकडून विचारवून घेतो, "तुझं खरं काय ते सांग," आणि मित्रांसमोर केदारला कबुली द्यावी लागते. असं करू नका. कथानकाने पिस्तूल रोखून काढून घेतलेलं गुपित म्हणजे मुलाचा विजय नव्हे, ती जबरदस्ती आहे. देव असला तरी. माझ्या मसुद्यात राखणदार विचारतो, "हय कित्याक इलंस?" आणि केदार खरं उत्तर देतो: "ज्याचं नाव खोडलंय त्याचं घर बघूक." ते पुरतं. राखणदार अजून काही ओळखतो, पण बोलत नाही. गप्प राहणं हे त्याचंच काम आहे, तो राखण करणारा आहे.

एका अक्षराचं प्रेम

आता मराठीने तुम्हाला दिलेली सर्वांत मोठी देणगी. आपलं क्रियापद लिंग सांगतं. "मला कोणीतरी आवडतं" म्हटलं तर नपुंसकलिंग, काही कळत नाही. "मला एक व्यक्ती आवडते" म्हटलं तर व्यक्ती हा शब्दच स्त्रीलिंगी, ऐकणारी आई 'ती' धरून खूश. आणि "मला तो आवडतो." 'ते'पासून 'तो'पर्यंत, या एका अक्षरात एका मुलाचं सगळं आयुष्य मावतं. मी स्वतः कित्येक वर्षं 'व्यक्ती' या शब्दामागे राहिलो, त्याने मला फार सांभाळलं.

केदारच्या बाबतीत गंमत आणखी खोल आहे, कारण घरी तो मालवणी बोलतो. मालवणीत वर्तमानकाळाचं क्रियापद तो आणि ती दोघांना सारखंच असतं: तो येता, ती येता. आई विचारते, "कोण आवडता रे तुका?" केदार म्हणतो, "आवडता कोणतरी." एक अक्षरही खोटं नाही आणि काहीच सांगितलेलंही नाही. भूतकाळात मात्र आडोसा संपतो: इलो म्हटलं की तो, इली म्हटलं की ती. एका रात्री दमलेला केदार सहज बोलून जातो, "माका वाटला येवचो नाय, पण इलो." आई वाढता वाढता थांबते, मग आणखी एक भाकरी पानात टाकते. एवढंच लिहा. तिला कळलं की नाही हे पुढच्या पन्नास पानांचं काम.

संग्रामशी केदार प्रमाण मराठीत बोलतो. म्हणजे त्याच्याशी बोलताना आडोसा नाही, "तू आवडतोस" हेच म्हणावं लागणार. घरच्या भाषेत "माका तू आवडतंस" असंच म्हणतात, मुलगा असो की मुलगी. माझा केदार विवरातून बाहेर आल्यावर, ओल्या कपड्यांत, ते आधी मालवणीत म्हणतो. संग्रामला कळत नाही. "काय?" मग तो पुन्हा म्हणतो, संग्रामच्या भाषेत. भाषांतर करणं हीच त्याची हिंमत.

प्रसंग कुठवर न्यायचा? दोघं अठराच्या आतले आहेत, वाचकही. हात धरणं, होडीत खांद्याला खांदा लागणं, एकाच डब्यातली सोलकढी, दुसऱ्याच्या वासाचा टॉवेल. कुमारवयातली ओढ याच गोष्टींत असते आणि ती नीट लिहिली तर वाचकाचं काळीज तेवढ्याने हलतं. संग्रामने लगेच होकार द्यायलाच हवा असंही नाही. पण नकार असेल तर तो माणसासारखा असावा, त्यात किळस नको.

काळही ठरवा, कारण भीतीचा आकार काळावर ठरतो. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल जुलै २००९चा, तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३मध्ये फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरून कलम ३७७ची तलवार उतरली. ऑक्टोबर २०२३मध्ये विवाहाचा हक्क मात्र मान्य झाला नाही. २०२६चा केदार स्वतःला गुन्हेगार समजणार नाही, पण त्याच्या मामाच्या पिढीचं कुणी समजत आलेलं असू शकतं. त्या फरकावर एक सुंदर प्रकरण उभं राहतं.

ज्या वाटा मी तुम्हाला बंद करायला सांगेन

केदार किंवा संग्राम मरता कामा नये. गे मुलगा शेवटी मेला की पुस्तक गंभीर होतं, हा समज आपल्या डोक्यातून जायला वेळ लागतो, पण तो काढाच. खजिन्याच्या गोष्टीत नायक घरी येतो, हा त्या प्रकारचा करार आहे. गे मुलासाठी तो मोडू नका.

"बायल्या" सारखे शब्द येतीलच, शाळेत येतात. आले तर कुणाच्या तोंडून, कशासाठी, आणि त्यानंतर केदारच्या शरीरात काय होतं तेही यावं. नुसता वास्तवाचा रंग म्हणून शिव्या पेरू नका.

मांत्रिकाला बायकी हावभाव देऊ नका. आणि दशावतारी नाटकात स्त्रीपात्र करणारा नट आणलात, तर त्याला केदारचा आपोआप गुरू करू नका. रात्रभर साडी नेसून काम करणारा तो माणूस शेतकरी, बाप, नवरा असतो. वेश आणि ओढ या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा गोंधळ आपल्याकडे फार खोलवर आहे.

एखादी मैत्रीण असू द्या, पण केदारचं ऐकून घेण्यापलीकडे तिला स्वतःचं काम द्या. माझी सानिका मोडी वाचते. आजोबांकडून शिकलीय, आणि खोडलेलं नाव शाईखालून वाचते तीच.

लिहिणं आणि वाचून घेणं

साधारण पन्नास हजार शब्द, दोन-दोन हजारांची पंचवीस प्रकरणं, हे माप म्हणून धरा. शेवटचं प्रकरण आधी लिहा. मग कोडी उलट्या क्रमाने, उत्तराकडून प्रश्नाकडे. भिंतीवर मे महिन्याचं पंचांग लावा आणि प्रत्येक प्रकरणाला तिथी द्या, नाहीतर अष्टमीला उधाण येईल आणि एखादा देवगडचा मुलगा तुम्हाला पत्र लिहील.

मसुदा झाल्यावर तीन जणांना द्या. मालवणी घरात बोलणाऱ्याला, कारण मी वर लिहिलेल्या चार वाक्यांतसुद्धा देवगड आणि सावंतवाडीत फरक निघेल. कोडी आवडणाऱ्या चौदा वर्षांच्या कुणालाही. आणि एका तरुण गे वाचकाला, ज्याला तुम्ही या कामाचे पैसे द्याल. त्याला "कसं वाटलं" असं विचारू नका. "कुठे पुस्तक खाली ठेवलंस" असं विचारा.

शेवटचं प्रकरण कचेरीत

बहुतेक खजिनाकथा पेटी उघडल्यावर संपतात. आपली तिथे संपत नाही, आणि ही मला या प्रकारातली सर्वांत न वापरलेली जागा वाटते. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, साधारण किती, कुठे, कधी. नाही कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मग जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि दावेदारांना बोलावतात, त्या सुनावणीची तारीख सूचनेनंतर चार महिन्यांच्या आत नाही आणि सहा महिन्यांच्या पुढे नाही. गेल्या शंभर वर्षांत ते कुणी पुरलेलं दिसलं नाही तर धन बेवारस ठरू शकतं. जागामालक वेगळा असेल आणि आधी काही ठरलेलं नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, एक चतुर्थांश मालकाचं. सरकारला हवं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकतं.

लेखकाच्या नजरेने वाचा. चार ते सहा महिन्यांचं थांबणं म्हणजे संग्राम इचलकरंजीला परत गेलाय, पत्रं-फोन चालू आहेत, अकरावी सुरू झालीय. एक चतुर्थांश म्हणजे बागेच्या मालकाशी समेट किंवा भांडण. आणि दावेदारांची हाक म्हणजे कारकुनाच्या वंशातले ते सगळे, ज्यांच्या पूर्वजांनी एक नाव खोडलं होतं. हक्क सांगायला आता त्यांना ते नाव मोठ्याने उच्चारावं लागणार.

केदार अल्पवयीन आहे, सोबत मोठं माणूस लागणार. म्हणून ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आई येते. एसटीत खिडकीशी बसून ती अर्ज वाचते. काय सापडलं, किती, कुठे, कधी. त्याखाली केदारने स्वतःहून एक ओळ वाढवलीय, सोबत कोण होतं: संग्राम. आई ती ओळ दोनदा वाचते, कागदाची घडी घालते आणि पिशवीत ठेवते. कणकवली मागे पडल्यावर विचारते, "दिवाळीक येता मा तो?"

"येता," केदार म्हणतो.